साईज बदलायला दीड तास लागतो, तो कुणामुळे?

गेला महिनाभर कोकणातल्या लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो तीन ग्रुपांवर आला आणि चौथ्यांदा खुद्द आमच्या मालकांकडून, पुढे हसरा चेहरा लावून. म्हणणं असं: मशीनचा चेंजओव्हर, म्हणजे एका मालावरून दुसऱ्यावर जाताना करायची बदलाबदल, झटपट करायचं ते 'एसएमईडी' (सिंगल मिनिट एक्स्चेंज ऑफ डाय) म्हणजे गाड्यांच्या कारखान्यांचं खूळ. त्याला पैसा लागतो. एका मिनिटात कुठलंच मशीन बदलत नाही. आपल्या माणसांचे हातच जड. त्यापेक्षा एकदा सेटिंग लागलं की मोठा लॉट काढून मोकळं व्हावं. आणि वेळ वाचलाच, तर त्याचं लोणचं घालायचंय का?

मी कुडाळ एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटात बॉटलिंगची लाईन सांभाळतो. अमृत कोकम, आगळ, आवळा सरबत. बाटल्या ७०० आणि २०० मिलीच्या. दिवसाआड साईज बदलते, त्यामुळे मेसेज मला जरा लागला.

एका मिनिटाचं आधी उरकतो. नावातलं 'सिंगल मिनिट' म्हणजे एक मिनिट नव्हे, एक आकडी मिनिटं. दहाच्या आत.

'गाड्यांच्या कारखान्यांचं खूळ' हे अर्धंच खरं. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने याची सुरुवात १९५० मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात केली. तिथे तेव्हा तीनचाकी वाहनं व्हायची. १९५७ मध्ये मित्सुबिशीच्या जहाजबांधणी कारखान्यात त्यांनी इंजिनाच्या बेडसाठी रंध्याच्या मशीनला दुसरं टेबल करून घेतलं. पुढचा जॉब त्या टेबलावर आधीच बसवून, मापात लावून ठेवायचा. तेवढ्याच वेळात ४० टक्के जास्त काम निघू लागलं. टोयोटाचा १००० टनी प्रेस (पत्रा दाबून आकार देणारं मशीन) आला तो १९६९ मध्ये. चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर उतरलं. सगळ्यांना हा शेवटचा आकडाच माहीत असतो, म्हणून छाती दडपते.

आता हात जड असण्याबद्दल. त्या १९५० च्या कारखान्यात ८०० टनी प्रेसचा डाय, म्हणजे साचा, बदलताना एक बोल्ट सापडेना. कामगार तासाहून जास्त वेळ शोधत फिरला. शेवटी शेजारच्या प्रेसचा लांब बोल्ट आणला, कापला, आटे पाडले आणि बसवला. मशीन बंद असतानाच करायची कामं वेगळी आणि चालू असताना उरकता येणारी वेगळी, ही शिंगोंची फोड त्या बोल्टातून निघाली. त्या माणसाचा हात जड नव्हता, बोल्ट जागेवर नव्हता.

आमच्याकडे काय वेगळं? मोबाईल स्टँडला लावून ७०० वरून २०० वर येतानाचं शूटिंग केलं. जुन्या साईजची शेवटची चांगली बाटली ते नव्या साईजची पहिली चांगली बाटली: ८५ मिनिटं. प्रत्यक्ष सोडणं-बसवणं १२ मिनिटांचं. आणणं-शोधणं ३१, व्हिडिओत "तेरा नंबरचो पानो खंय ठेवलास रे?" हे चार वेळा ऐकू येतं. ८ मिनिटं लेबलचा रोल गोदामातून येईपर्यंत नुसतं उभं राहणं. उरलेली ३४ मिनिटं बाटल्यांना रांगेत धरणारी गाईड रेल जरा आत, जरा बाहेर, बाटली आडवी, परत जरा आत. शिंगोंच्या हिशेबातही सेटिंगचा निम्मा वेळ ट्रायल आणि ॲडजस्टमेंट खाते आणि बसवाबसवी जेमतेम ५ टक्के. म्हणजे मेसेजवाले ज्या हातांना नावं ठेवतात, ते हात सोडण्या-बसवण्यात चालतात ८५ पैकी १२च मिनिटं.

खर्चाचं सांगतो. गाईड रेल अंदाजाने लावण्याऐवजी तिच्यामागे सरकवायला पाईपचे तुकडे कापून घेतले, ७०० चे निळे, २०० चे पिवळे. तुकडा टेकला की माप आलं, डोळा लावायला नको. पाईप स्टीलचाच घेतला. आगळातल्या मिठापुढे आणि आंबटपणापुढे साधं लोखंड एक सीझन टिकत नाही. रेलच्या बोल्टांना हाताने फिरवायचे नॉब लावले. नट पंधरा आटे फिरवला तरी आवळतो शेवटच्याच फेऱ्यात, आधीचे चौदा फुकट. शिवाय एक ट्रॉली, तिच्यावरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, आणि लेबलचा रोल आदल्या संध्याकाळीच तिच्यात. सगळं मिळून सीझनच्या सुरुवातीच्या दोन पेट्या हापूसच्या भावात झालं. आज २२ मिनिटं लागतात. नऊ अजून झालेली नाहीत, बूच लावणाऱ्या कॅपिंग हेडची उंची अडतेय.

मोठ्या लॉटचा सल्ला मात्र हिशेबी माणसालाही पटतो, म्हणून तोच घातक. लॉट किती काढावा याचं सूत्र १९१३ पासून आहे, फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनिअरचं. त्यात सेटिंगचा खर्च वर्गमूळाखाली अंशात बसतो. तो चौथाईवर आणला की फायद्याचा लॉट निम्म्यावर येतो. मेसेजवाल्यांनी सेटिंगचा खर्च देवाने ठरवून दिलाय असं धरलं आणि पुढचं गणित केलं. मोठा लॉट ठेवायचा कुठे, हेही त्यात नाही. मे महिन्यात २०० मिलीच्या बाटल्यांनी गोदाम भरलं. जूनमध्ये गिऱ्हाईक ७०० मागत होतं. पावसाळ्यात खोके सर्दावले, खालच्या थराची लेबलं सुटली, आणि 'बेस्ट बिफोर'चं घड्याळ बाटली भरली त्या दिवसापासून चालूच होतं.

'वाचलेल्या वेळेचं काय करणार' हा प्रश्न तेवढा रास्त आहे, जरी टोमण्यात विचारलेला असला तरी. जी लाईन महिनाभर एकच साईज चालवते तिथे यातलं काही करू नका. आमच्याकडेही मेमध्ये अडतं ते सरबत तयार करायच्या केटलवर. सरबतच तयार नसेल तर बाटलीची साईज २२ मिनिटांत बदलून माणसं केटलकडे बघत बसतात. तेव्हा मी ट्रॉलीला हात लावत नाही, बॉयलरवाल्या काकांच्या मदतीला जातो. आणि कोकमावरून आवळ्यावर जाताना पाईप-नोझल धुवायचा वेळ आम्ही एका मिनिटानेही कापलेला नाही. तिकडे गरम पाणी फिरत असताना इकडे दुसरा माणूस रेल बदलतो, इतकंच.