गुपचूप सही कशी करावी

नोकरी सुखाची व्हायला हवी असेल तर एकच पथ्य पाळा. काहीही लिहून ठेवू नका. साहेब केबिनमध्ये काय बोलले, तेव्हा दारात कोण उभं होतं, तारीख कोणती होती, सगळं आठवणीवर सोडून द्या. मेल आणि मेसेज जपायचेच असतील तर ऑफिसच्या लॅपटॉपवर जपा. ज्या दिवशी तुमचं लॉगिन बंद होईल, त्या दिवसापासून ते अगदी सुरक्षित राहतील. त्यांच्याकडे.

भेदभाव हा शब्द तर उच्चारूच नका. मुलाखतीत एकट्या तुम्हालाच ‘मुलं कोण सांभाळणार?’ असं विचारलं, तर ती आपुलकी समजा. वंश, रंग, लिंग, धर्म, राजकीय मत यांवरून नोकरीत डावं-उजवं करू नये, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९५८ सालीच झाला. इतकं जुनं कोण उकरून काढतं?

छळाबाबत ‘अहो, गंमत केली’ आणि ‘एकदाच तर झालं’ ही दोन उत्तरं पुरेशी आहेत, ती मान्य करून टाका. त्याच संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार मात्र भलताच खडूस. छळ एकदा झाला काय नि दहादा झाला काय, त्याला दोन्ही सारखेच. शिवाय ऑफिसची सहल, कामाचा प्रवास आणि रात्री साडेअकराला येणारा ‘झोपलीस का?’ हा कामाचा मेसेजही तो सोडत नाही. शिकाऊ मुलं, नोकरीसाठी अर्ज केलेले, इतकंच काय, नोकरी गेलेली माणसंही त्याच्या छत्राखाली. आपल्या देशाने हा करार स्वीकारला आहे का, हे चुकूनही शोधू नका. उत्तर काहीही आलं तरी झोप उडते.

आता मुख्य प्रसंग. शुक्रवार, संध्याकाळचे पाच वाजून गेलेले. ‘जरा दोन मिनिटं येता का?’ खोलीत साहेब, एचआर आणि कधीही न पाहिलेला एक तिसरा गृहस्थ. टेबलावर तुमचा राजीनामा टाइप करून तयार, ‘वैयक्तिक कारणास्तव’. इतकी वर्षं तुमचं आडनाव चुकीचं लिहिणाऱ्या खात्याने या कागदावर ते बिनचूक लिहिलेलं असतं. एवढ्या कष्टाची कदर करा आणि सही ठोका. प्रत मागू नका. ‘घरी वाचतो, सोमवारी सांगतो’ असं तर मुळीच म्हणू नका, समोरच्या तिघांचा शनिवार-रविवार नासतो.

कारण काय, असंही विचारू नका. त्याच कामगार संघटनेचा १९८२ चा १५८ क्रमांकाचा करार म्हणतो की काढायला सबळ कारण लागतं, वागणुकीचा किंवा कामाचा ठपका असेल तर आधी बाजू मांडू द्यावी लागते आणि गरोदरपण, युनियन किंवा कायदा मोडल्याबद्दल मालकाविरुद्ध केलेली तक्रार ही कारणं चालत नाहीत. पण तुम्हाला काढतंय कोण? तुम्ही तर स्वखुशीने निघालात! दबावाखाली लिहून घेतलेल्या राजीनाम्याला अनेक देशांतली न्यायालयं सरळ बडतर्फी मानतात, हे त्या खोलीत कुणी सांगणार नाही. सांगायचं तरी कशाला, वातावरण बिघडतं.

मग मन शांत होऊ द्या. घाई नको. जर्मनीत बडतर्फीविरुद्ध न्यायालयात जायला ३ आठवडे मिळतात. भारतात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार समितीकडे ३ महिन्यांत करावी लागते आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. तेवढ्यात मन शांत होतंच. युनियन, वकील, कामगार खातं असल्या लोकांना मुदत संपल्यावर भेटा, म्हणजे त्यांनाही फार काम पडत नाही.

राहता राहिला निरोपाचा मेल. ‘खूप शिकायला मिळालं, सर्वांचा ऋणी आहे.’ मजकूर सुचत नसेल तर काळजी नको, तोही एचआरकडे तयार असतो.