कारणाचा रकाना

काल मुलीला शाळेतून आणायला मला बारा मिनिटे उशीर झाला आणि फाटकावरच्या रखवालदारांनी माझ्यापुढे उशिरा येणाऱ्या पालकांची नोंदवही सरकवली. नाव, इयत्ता, तुकडी, उशिराची मिनिटे हे रकाने मी निमूटपणे भरले. कारणाच्या रकान्यात ‘वाहतूक कोंडी’ लिहून सही करणार, तोच त्यांनी वहीवर पंजा ठेवला.

“साहेब, कोंडी संपली.”

“अहो, मी आत्ताच तिच्यातून आलोय!”

“रस्त्यावरची नव्हे, वहीतली. आज नऊ जणांनी तेच लिहिलंय. सगळ्यांचं एकच कारण असलं की ऑफिसातून वही परत येते. दुसरं काहीतरी द्या.”

मग चष्मा पुसून त्यांनी मला नमुने वाचून दाखवले. ‘गाडी पंक्चर’ त्यांना पटले नव्हते, कारण ते पालक समोरच्याच इमारतीत राहतात; ‘मीटिंग लांबली’ यात दम नव्हता; एका आईने लिहिलेले ‘विसरले’ मात्र त्यांनी दोनदा वाचले आणि “ह्याला म्हणतात कारण” अशी दाद दिली. मी चिडून ‘माझीच चूक’ असे लिहिले.

“ही कबुली झाली, साहेब. रकाना कारणाचा आहे.”

एक मोजा घोट्यावर घसरलेली माझी मुलगी बाकावरून हे सारे पाहत होती.

निवासी शाळेच्या पालकांना हा जाच नसतो. डे स्कूलचे मूल रात्री घरी झोपते, एवढ्याच आधारावर वसतिगृहाच्या अधीक्षकापासून रात्री दहाला तक्त्याचा कागद शोधणाऱ्या शिपायापर्यंतची सगळी पदे पालकाकडे बिनपगारी येतात. इंग्लंडमध्ये क्लॅरेंडन आयोगाने १८६१ ते १८६४ या काळात नऊ नामांकित शाळांची चौकशी केली. त्यांत सेंट पॉल्स आणि मर्चंट टेलर्स या दोनच डे स्कूल होत्या आणि १८६८च्या कायद्यातून नेमक्या त्याच बाहेर राहिल्या. आम्हा मंडळींना दाराबाहेर उभे करण्याची रीत अशी जुनीच आहे. पालकसभेत आम्हाला ‘शाळेचे भागीदार’ म्हणतात. पण गेल्या आठवड्यात शाळाच पंधरा मिनिटे उशिरा सुटली आणि भागीदार उन्हात ताटकळले, तेव्हा कोणतीही वही बाहेर आली नाही.

अखेर मुलगीच उठून आली. “काका, लिहा ना, बाबांना वही भरायला वेळ लागला.”

“हे नवीन आहे,” असे म्हणून त्यांनी घड्याळ पाहिले, माझे ‘१२’ खोडून ‘२१’ केले आणि खाडाखोडीपुढे सही करण्यासाठी वही पुन्हा माझ्याकडे सरकवली.