छपराएवढे नाक आणि 700 मिलिमीटर पाणी

मृग लागला की गोव्यातल्या जीपवाल्यांच्या गटांत एक मजकूर दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय असा: पाण्यात गाडी बंद पडण्याचे कारण एकच, ते म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या तोंडातून शिरणारे पाणी, स्नॉर्केल (हवा घेणारी उभी नळी) बसवून ते तोंड छपरापर्यंत नेले की गाडी छपराएवढ्या पाण्यातूनही पार होते, शिवाय थंड, स्वच्छ हवा मिळून मायलेज आणि ताकद वाढते, ही केवळ अ‍ॅक्सेसरी असल्यामुळे कायद्याचा किंवा विम्याचा प्रश्नच येत नाही, आणि दूधसागरच्या जीपा रोज नदी ओलांडतात, हा या सगळ्याचा पुरावा. यंदा हा मजकूर माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. त्यातला एक पाठवणारा माझा मावसभाऊच होता आणि तोवर त्याने नळीसाठी फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, कापायची वेळसुद्धा ठरवून टाकली होती.

मजकुरातील पहिले विधान अर्धे खरे आहे आणि तेवढे आधी मान्य करायला हवे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा साधारण सोळा पटीने दाबली जाते. त्या चिंचोळ्या जागेत मावणार नाही इतके पाणी आत आले की वर येणारा पिस्टन जागीच अडतो, मागून क्रँकशाफ्टचा जोर चालूच असतो आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच गॅरेजमध्ये हायड्रोलॉक म्हणतात. असे इंजिन खोलावेच लागते. हवेचे तोंड उंच नेल्याने हा एक अपघात टळतो, यात वाद नाही. वाद आहे तो ‘एकच’ या शब्दावर.

छपराएवढ्या पाण्याच्या दाव्याला उत्तर द्यायला फोर्स गुरखा पुरेशी आहे. या गाडीला स्नॉर्केल कारखान्यातूनच बसवून येतो, तोंड जवळजवळ छपराच्या पातळीला असते आणि गाडीची उंची दोन मीटरांहून अधिक आहे. तरीही कंपनीने पाण्याच्या खोलीची सांगितलेली मर्यादा 700 मिलिमीटर आहे. स्नॉर्केल नसलेल्या महिंद्रा थारची मर्यादा 650 मिलिमीटर सांगितली जाते आणि स्नॉर्केल नसलेल्याच टोयोटा फॉर्च्युनरची 700. मर्यादा हवेच्या तोंडावरून ठरत असती, तर गुरखाच्या कागदावर 1900 लिहिलेले दिसले असते. ज्यांनी ती गाडी घडवली त्यांनाच तसे लिहावेसे वाटले नाही, याचे कारण गाडीच्या खालच्या भागात आहे.

गिअरबॉक्स, पुढच्या-मागच्या आसांना जोर वाटणारा ट्रान्सफर केस आणि त्या आसांवरची दोन्ही डिफरेन्शियल ही तेलाने भरलेली घरे चालून चालून तापतात. तापलेले घर अचानक थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी ब्रीदरमधून (हवा जाण्यायेण्याच्या छोट्या नळीतून) किंवा जुनाट ऑइल सीलच्या कडेने आत ओढले जाते. गाडी पलीकडच्या काठावर दिमाखात चढते, फोटो निघतात आणि बिघाड महिन्याभराने बोलू लागतो. गेल्या वर्षी चवथीच्या आधी आमच्या मेस्त्रीने एका मित्राच्या जीपच्या मागच्या डिफरेन्शियलचा तेल काढण्याचा प्लग सैल केला, तेव्हा खालच्या भांड्यात आधी कपभर निव्वळ पाणी पडले आणि त्यामागून दुधाच्या चहाच्या रंगाचे तेल आले. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसून राहिले होते. त्या गाडीला झकास स्नॉर्केल होता.

हीच गोष्ट अल्टरनेटर, स्टार्टर, क्लच, चाकांच्या बेअरिंगा आणि वायरिंगच्या जोडांची. नव्या गाड्यांत तर नियंत्रणाची बरीच यंत्रणा बॉनेटखाली आणि आसनांखाली विखुरलेली असते, आणि तिला हवेचे तोंड किती उंच आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. गोव्यात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, जी या मजकुरात कधीच नसते, कारण तो बहुधा डोंगरातल्या गोड्या पाण्याच्या कल्पनेवर लिहिलेला आहे. आपल्याकडे खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल, जमिनींच्या बांधांवरून जाणारे रस्ते भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाण्याखाली जातात, आणि ते पाणी मचूळ असते. वायरिंगच्या जोडांत शिरलेला खार तिथेच राहतो. पाणी ओसरते, गाडी चालते आणि हिरवा गंज पुढच्या उन्हाळ्यात दिसतो.

मात्र या मजकुरातला सर्वांत धोकादायक भाग यंत्राशी नव्हे, तर गाडीच्या वजनाशी निगडित आहे. थोडे गणित करू. मध्यम आकाराच्या जीपच्या तळाचे क्षेत्रफळ ढोबळ मानाने साडेपाच चौरस मीटर धरले, तर पाणी तळाच्या वर दर दहा सेंटिमीटर चढले की गाडीला खालून सुमारे साडेपाचशे किलोचा रेटा मिळतो. गाडी 1800 किलोची असेल, तर तळाच्या वर वीस सेंटिमीटर पाण्यात चाकांवर उरतात जेमतेम सातशे किलो, आणि पस्तिसाच्या आत ती चक्क तरंगू लागते. पाणी आत झिरपते तसा हा रेटा कमी होतो हे खरे. पण आजच्या दारांचे रबर चांगले असते आणि झिरपायला वेळ लागतो. (जुन्या बिनदाराच्या जीपा पाण्यात मुकाट्याने भरत आणि म्हणूनच जागेवर बसत, तो त्यांचा गुण कुणी मुद्दाम दिलेला नव्हता.) स्थिर पाण्यात एवढे निभावते, पण वाहत्या पाण्याचा आडवा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: प्रवाह दुप्पट झाला की ढकल चौपट. पकड जेमतेम चाळीस टक्के आणि बाजूने चौपट ढकल, अशा स्थितीत इंजिन उत्तम श्वास घेत असले तरी गाडी साकवाच्या कठड्याकडे सरकतच राहते.

जुलै 2021 च्या पुरात सत्तरी, डिचोली आणि फोंडा भागांत म्हादई व खांडेपार नद्यांचे पाणी घरांत शिरले होते. अशा पाण्याचा रंग आपल्या मातीसारखाच तांबडा असतो. तळ दिसत नाही, रस्त्याखालची मोरी जागेवर आहे की वाहून गेली हेही कळत नाही. स्नॉर्केल नसलेला माणूस तिथे गाडी थांबवून उतरतो, काठीने खोली बघतो आणि बहुतेक वेळा मागे फिरतो. ‘छपरापर्यंत चालते’ असे वाचलेला माणूस उतरत नाही.

दूधसागरच्या पुराव्याचे काय? कुळ्याहून भगवान महावीर अभयारण्यातून जाणारी ती वाट खरोखरच पाण्यातून जाते, आणि हंगामाच्या सुरुवातीला पाणी जीपच्या पायरीच्या वर येते. मी दोनदा गेलो. दोन्ही गाड्यांना स्नॉर्केल नव्हता. चालकाने काय केले ते मात्र नीट पाहिले: काठावर गाडी थांबवली, पहिला गिअर टाकला, माणूस चालेल एवढ्याच वेगाने पाण्यात शिरला आणि पलीकडे लागेपर्यंत गिअरला हात लावला नाही. त्यामुळे बॉनेटपुढे एक लाट तयार होते आणि तिच्या मागे, इंजिनाच्या भागात, पाण्याची पातळी खाली राहते. मध्येच थांबले की पाणी समान होते आणि हा फायदा गेला. शिवाय हे चालक रोज त्याच चाकोरीतून जातात, कुठला दगड कुठे आहे हे त्यांना पाठ असते, आणि मुख्य म्हणजे ऐन पावसाळ्यात ही वाट बंद असते. मजकूर ज्या जुलैसाठी लिहिला जातो, त्या जुलैत त्याचा पुरावा कुळ्यात उभा असतो.

मायलेजचा मुद्दा फार वेळ देण्याच्या लायकीचा नाही. ताशी शंभर किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो, आणि लांब नळी व तिची वळणे त्यातलाही काही खातात. बहुतेक आधुनिक गाड्या हवा बॉनेटखालच्या उष्णतेतून न घेता ग्रिलच्या किंवा फेंडरच्या बाजूने बाहेरचीच घेतात. धुळीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो पाण्यापेक्षा मोठा आहे. सांगे, धारबांदोडा, डिचोलीच्या खाणपट्ट्यात ट्रकांच्या मागे रोज गाडी चालवणाऱ्याचा फिल्टर लाल होऊन निघतो. तिथे उंचावरून घेतलेली हवा तुलनेने स्वच्छ असते आणि फिल्टर जास्त टिकतो. मावसभावाला त्याचा उपयोग नाही: तो मडगावात राहतो, कार्यालय पणजीत.

‘केवळ अ‍ॅक्सेसरी’ हे शब्दही जपून वापरावेत. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई करते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्याचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182ए मध्ये बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. स्नॉर्केल त्यात बसतो की नाही यावर वकील वाद घालू शकतील. पण गुरखाचा स्नॉर्केल मंजूर आराखड्याचा भाग आहे आणि कापलेला फेंडर नाही, हा फरक अधिकाऱ्याला दिसतोच. विम्याचेही तसेच. इंजिनाने पाणी ओढल्याचे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते, आणि गाडीत न कळवलेला बदल सापडला की दावा आणखी अवघड होतो.

मावसभावाने शेवटी एक गोष्ट ऐकली. फेंडर कापण्याआधी, त्याच गॅरेजमध्ये आधीच स्नॉर्केल बसवलेली एक गाडी उभी होती, ती आम्ही तपासायला सांगितली. इंजिन संथ चालू ठेवून मेस्त्रीने स्नॉर्केलचे तोंड तळहाताने क्षणभर घट्ट झाकले. सगळे जोड हवाबंद असतील तर इंजिनाचा श्वास कोंडतो आणि ते आचके देत बंद पडते. ते तसेच चालत राहिले, हाताला ओढसुद्धा जाणवली नाही. बॉनेट उघडले तर फिल्टरच्या डब्याचा तळाशी असलेला पाणी निघण्याचा मूळ रबरी पडदा गळून पडलेला होता आणि फेंडरमधला जोड नुसता टेपने गुंडाळलेला. म्हणजे बाहेर नळी छपरापर्यंत गेलेली असली तरी इंजिन हवा घेत होते बंपरच्या उंचीवरूनच. मावसभावाने त्या दिवशी चारही ब्रीदरच्या नळ्या बॉनेटपर्यंत वर घेतल्या, सील बदलून घेतले आणि फेंडर तसाच ठेवला.