कॅप्टन सुटला, बाकीचे कुठे गेले?

दिरांनी प्रोजेक्टर घेतल्यापासून आमच्याकडे महिन्यातला एक शनिवार सिनेमाचा. बडोद्यात दांडिया बाजारातलं जुनं घर, लांबलचक दिवाणखाना, समोरच्या भिंतीला मुद्दाम पांढरा रंग दिलाय. घरचे, शेजारचे धरून पंधरा-वीस माणसं होतात आणि मध्यंतरात शेवउसळ. या वेळी ‘कॅप्टन फिलिप्स’ लावला. निवड माझ्या लेकाची. तो सुट्टीवर आलाय. बोटीवर थर्ड इंजिनिअर आहे. सिनेमा २०१३चा आहे, पण हा मर्चंट नेव्हीत गेल्यापासून मी तो टाळत आले होते. टीव्हीवर लागला की स्वयंपाकघरात कामं काढायची. शनिवारी पळता आलं नाही, कारण पाव वाटायचं काम जाऊबाईंनी स्वतःकडे घेतलं.

सिनेमा झाल्यावर दिवाणखान्यात जे रण पेटलं ते रात्री साडेबारापर्यंत चाललं. मी तिथे फारशी बोलले नाही. म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एप्रिल २००९ मध्ये ‘मर्स्क अलाबामा’ ही अमेरिकन मालवाहू बोट सोमालियाजवळच्या समुद्रात चार चाच्यांनी काबीज केली. बोटीवर आफ्रिकेत वाटायचं मदतीचं धान्यही होतं, निघाली होती मोम्बासाला. शेवटी चाचे कॅप्टनला घेऊन बोटीच्याच लाइफबोटीतून निसटले, अमेरिकन नौदल मागे लागलं, आणि पाचव्या दिवशी युद्धनौकेवरच्या नेमबाजांनी तिघांना एकाच क्षणी टिपलं. चौथा तेव्हा वाटाघाटीसाठी युद्धनौकेवर होता, म्हणून वाचला. त्याला अमेरिकेत नेऊन ३३ वर्षं नऊ महिन्यांची शिक्षा दिली. टॉम हँक्स कॅप्टन, पॉल ग्रीनग्रासचं दिग्दर्शन.

सिनेमा म्हणून तोड नाही, हे आधीच मान्य करून टाकते. ती शिडी. एवढ्या मोठ्या बोटीला लागलेली ती मुंगीएवढी होडी, लाटेवर आपटतेय, आणि त्यातला एक जण हूक लावलेली शिडी कठड्याला अडकवायला बघतोय. अडकते, निसटते, परत अडकते. आमच्याकडे एरवी सिनेमात बोलल्याशिवाय कुणाला राहवत नाही. त्या वेळी पंखा सोडून काही ऐकू येत नव्हतं. आणि चाच्यांचा म्होरक्या झालेला बरखद अब्दी! आधी कधी अभिनय केला नव्हता या माणसाने, मिनियापोलिसमध्ये गाडी चालवायचा. हँक्सची आणि त्याची पहिली भेट थेट कॅमेऱ्यासमोर झाली, दिग्दर्शकाने तोवर मुद्दाम दोघांना भेटू दिलं नव्हतं. ऑस्करचं नामांकन अब्दीला मिळालं, हँक्सला नाही. बरोबरच झालं म्हणा. हँक्सचा शेवटचा दवाखान्याचा प्रसंग सोडला तर सगळा सिनेमा त्या हाडकुळ्या पोराच्या डोळ्यांवर उभा आहे.

आता भांडण. पहिला गोळा शेजारच्या पटेलकाकांनी टाकला. “आ तो साव अमेरिकानी जाहेरात छे,” म्हणाले. एका माणसासाठी युद्धनौका, हेलिकॉप्टरं, कमांडो! आमचा माणूस अडकला की बघा आम्ही काय करतो, एवढंच सांगायचंय यांना. पुतणीचं उलटं. ती युनिव्हर्सिटीत सोशल वर्क करतेय, तिला चाच्यांचंच वाईट वाटलं. १९९१ नंतर सोमालियात सरकार म्हणून उरलं नाही, परदेशी ट्रॉलर येऊन मासळी उपसून गेले, मग कोळ्यांच्या पोरांनी करायचं काय? दीर म्हणाले, “मग काय ओवाळायचं का त्यांना?” आणि तिथून गाडी कान्होजी आंग्र्यांवर गेली. ती जायचीच. दिरांसमोर समुद्र हा शब्द काढला की दहा मिनिटांत कान्होजी येतात. इंग्रज त्यांनाही चाचाच म्हणायचे, हा त्यांचा ठरलेला मुद्दा. सासरे बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “कोकणात कशाला जाता, ओखामंडळ बघा की.” द्वारकेजवळच्या त्या भागातल्या वाघेर लोकांनाही इंग्रज चाचेच म्हणायचे. मोहीम काढून त्यांना दडपलं आणि १८१७ मध्ये तो मुलूख गायकवाडांच्या गळ्यात घातला. सासऱ्यांचे आजोबा सरकारी नोकरीत ओख्याला होते, त्यामुळे हा विषय आमच्या घरात चांगलाच मुरलेला आहे. “तोफा घेऊन गेलात की चाचे वाढतात,” सासरे म्हणाले, “बंदर बांधून द्या.” सयाजीरावांनी ओख्याचं बंदर बांधलं, ते १९२६ मध्ये सुरू झालं. आता चाचेगिरी त्यामुळे थांबली का, हा इतिहास मी सासऱ्यांशी वादायला जात नाही. पण सोमालियाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं मला पटलं.

तर असे दोन तट. एक कॅप्टनचा, एक चाच्याचा. सिनेमाच तसा बेतलाय, त्यामुळे बघणाराही त्या दोघांतच वाटला जातो. माझं भांडण नेमकं इथेच आहे.

माझा मुलगा कॅप्टन नाही. तो जिथे असतो ती जागा या सिनेमात मधली पंधरा-वीस मिनिटं दिसते. इंजिन रूम. बोट चाच्यांच्या हातात गेल्यावर खलाशी खाली जाऊन लपतात, वीज बंद करतात, अनवाणी चाचा येईल म्हणून वाटेत काचा पसरतात. ते चाललं असताना मी सिनेमा बघत नव्हते, लेकाकडे बघत होते. तो पुढे सरकून बसला होता आणि हळूच कुणाला तरी सांगत होता, “नुसती मेन पॉवर घालवून भागत नाही. इमर्जन्सी जनरेटर ४५ सेकंदांच्या आत आपोआप उठतो. तोही मारावा लागतो.” मग म्हणाला, “आणि ब्लोअर बंद झाले की खाली भट्टी होते.” हे तो उसळीत शेव घालता घालता बोलत होता.

खऱ्या घटनेतही म्होरक्याला पकडलं ते या खालच्या लोकांनीच, अंधारात. मग अदलाबदल ठरली. यांनी म्होरक्या परत दिला, चाच्यांनी कॅप्टन दिला नाही. इथपर्यंत सिनेमात आहे. पण कॅमेरा एकदा लाइफबोटीत शिरला की खलाशी संपले. जेवले का, झोपले का, घरी फोन लागला का, काही नाही. पुढे त्यांच्यातल्याच काहींनी दावा लावला, की किनाऱ्यापासून लांब राहायच्या सूचना असताना बोट एवढी जवळून नेलीच का. सिनेमात त्याची एक कुरबुर आहे, तीही अशी की कॅप्टन शहाणा आणि बाकीचे कामचुकार वाटावेत. लेक म्हणाला, “आई, प्रत्येक बोटीवर कॅप्टनची एक गोष्ट असते आणि मेसरूमची, म्हणजे खलाशी जेवतात तिथली, वेगळी असते. सिनेमा पहिलीवर निघतो.”

आणि कॅप्टनची बायको! सुरुवातीला गाडीतून विमानतळापर्यंत जाते, पोरांच्या काळजीचं बोलते, नवऱ्याला सोडते. गेली ती गेलीच. जाऊबाईंच्याही लक्षात आलं नव्हतं, मी सांगितल्यावर म्हणाल्या, “अगं खरंच की, ती कुठे गेली?” ती घरी होती, जाऊबाई. पाच दिवस टीव्हीसमोर.

तिचे पाच दिवस. आता ‘ॲस्फाल्ट व्हेंचर’चं ऐका, कारण शनिवारी ते तिथे कुणालाच आठवलं नाही. २०१० च्या सप्टेंबरात हा टँकर सोमाली चाच्यांनी पळवला. वरची पंधराच्या पंधरा माणसं भारतीय. २०११ च्या एप्रिलमध्ये खंडणी पोचली, बोट सोडली, आठ जण सोडले आणि सात जण ठेवून घेतले. का, तर त्याच सुमारास आपल्या नौदलाने शंभरावर सोमाली चाचे पकडून आणले होते. आमचे सोडा, मग तुमचे सोडतो. पैशाचा सौदा एकदाचा तुटतो तरी, हा तुटेना. ते सात जण सुटले २०१४ च्या ऑक्टोबरच्या शेवटी. चार वर्षांहून जास्त. त्यांच्यावर सिनेमा कसा काढणार? चार वर्षं काहीच घडत नाही. फोन येतो, फोन येत नाही.

दिरांना आठवलं ते २०२४. खोटं नाही ते. त्या मार्चमध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रूएन’ नावाची पळवलेली बोट भारतापासून सुमारे २६०० किलोमीटरवर गाठली, नौदलाचे मार्कोस कमांडो विमानातून पॅराशूटने उतरवले, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. त्यात भारतीय एकही नव्हता, तरी आपले गेले. छाती भरून येते, मी काही दगड नाही. त्याच वर्षी जानेवारीत ‘लीला नॉरफोक’ बोटीवर चाचे चढले, तिच्यावर १५ भारतीय होते. सगळे सिटाडेलमध्ये कोंडून घेऊन बसले आणि आपले कमांडो पोचेपर्यंत टिकले. सिटाडेल म्हणजे बोटीतली आतून बंद करता येणारी मजबूत जागा, पाणी, खाणं, सॅटेलाइट फोनसकट. बऱ्याचदा स्टीअरिंग गिअरची, म्हणजे सुकाणू फिरवणाऱ्या यंत्राची खोलीच तशी करतात. पण दिरांना मी एवढंच म्हटलं, ‘रूएन’चे लोक डिसेंबरपासून मार्चपर्यंत आत होते. तुम्ही चाळीस तासांची कारवाई सांगता, मला मधले तीन महिने दिसतात.

पटेलकाका म्हणाले, प्रत्येक बोटीवर बंदूकवाले द्या, विषय संपला. संपत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या आणि मासेमारीला गेलेले आपले दोन कोळी मारले. लांबून होडी ती होडीच दिसते. पटेलकाकांच्या माहेरकडची, म्हणजे काकींच्या, मंडळी मांडवीची. आपली इथली मांडवी नव्हे, कच्छची. तिथून आणि सलायासारख्या बंदरांतून लाकडी वहाणं, म्हणजे गलबतं, सोमालियापर्यंत माल नेतात. २०१० मध्ये आपल्या सरकारला या वहाणांना ओमानचं सलाला ते मालदीवचं माले या रेषेच्या पलीकडे जायला बंदी घालावी लागली होती. २०१७ मध्ये मांडवीचं ‘अल कौसर’ अकरा जणांसकट पळवलं होतं. काकी म्हणाल्या, “ए वखते आखुं गाम जागतुं हतुं.” तेव्हा अख्खं गाव जागं होतं. काकांनी बंदुकीचा विषय पुढे वाढवला नाही.

मला कुणी विचारलं की या विषयावर काय बघू, तर मी डॅनिश ‘अ हायजॅकिंग’ सांगेन. २०१२ चा, टोबियास लिंडहोमचा. लेकाने मला रविवारी दुपारी एकटीला दाखवला, बाकीचे झोपले होते. त्यात शिडी नाही, होडीचा पाठलाग नाही. बोट पळवली जाते तो प्रसंगच दाखवलेला नाही! कंपनीचा प्रमुख ऑफिसात, फोन टेबलावर, आणि इकडे बोटीवरचा आचारी. चाचे दीड कोटी डॉलर मागतात, हा अडीच लाख म्हणतो. आपण मंगळबाजारात करतो तीच घासाघीस, फक्त एकेक आकडा हलायला आठवडे जातात आणि प्रत्येक आठवड्याला आचाऱ्याची दाढी वाढलेली. घाईने जास्त कबूल केलं तर समोरच्याला वाटतं अजून निघतील, म्हणून प्रमुखाला थंडपणे नाही म्हणायचं असतं. त्या नकाराच्या दुसऱ्या टोकाला आचारी. त्याची बायको मात्र या सिनेमात आहे. कंपनीच्या ऑफिसात येते, बसते, काही कळत नाही, परत जाते. मी दोन ठिकाणी सिनेमा थांबवायला लावला.

दोन्हीत श्रेष्ठ कुठला, असा वाद घालायचा असेल तर कॉमेंटमध्ये घाला. ‘कॅप्टन फिलिप्स’ बघताना माझे हात गार पडले होते, आणि तो संपल्यावर दहा मिनिटांत मी भांडी आवरायला घेतली. दुसरा अजून उतरला नाही.

लेकाची बोट बल्क कॅरिअर आहे, म्हणजे कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणारी. भरली की पाण्यात खोल बसते आणि बारा नॉटने चालते, म्हणजे संध्याकाळी रावपुऱ्यातून आपली स्कूटर जाते तेवढ्या वेगाने. धोक्याच्या पट्ट्यात कठड्याला काटेरी तारा लावतात, पाण्याचे होज सोडतात, जुन्या बॉयलर सुटांत चिंध्या कोंबून पुतळे उभे करतात. एकाला त्याने माझ्या दिरांचं नाव ठेवलं होतं म्हणे. मागच्या खेपेला अशाच एका पट्ट्यात त्यांनी बोटीची जागा कळवणारा सिग्नल बंद केला आणि माझ्या मोबाइलवरच्या नकाशातला तो ठिपका नऊ दिवस हललाच नाही. नऊ दिवस मी तो ॲप उघडत होते. देवाजवळ, बसमध्ये, दूध तापत असताना. दहाव्या दिवशी दुपारी ठिपका एकदम वीतभर पुढे दिसला आणि संध्याकाळी याचा मेसेज आला, “आई, लोणचं संपलं.”

पुढच्या महिन्यात परत जातोय. काल रात्री विचारलं, कुठे जॉइन होणार? म्हणाला, फुजैरा, यूएईतलं बंदर. तिथून पुढे आफ्रिकेकडे की आपल्या बाजूला?

“ते चार्टरर, बोट भाड्याने घेणारा, ठरवतो, आई. अजून त्यालाच माहीत नाही.”

लोणच्याच्या दोन बरण्या काढून ठेवल्यात. एक त्याची, एक मेसरूमची.