खुलासा: रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बाळाची थायरॉईडची गोळी थांबवू नका

‘टीएसएच नॉर्मल आलं की तान्ह्या बाळाची गोळी बंद करा, आयोडीनयुक्त मीठ पुरेसं आहे’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आणि घातक आहे. टीएसएच म्हणजे थायरॉईडचं काम नीट चाललंय का हे दाखवणारी रक्ततपासणी. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच: ही गोळी (लेव्होथायरॉक्सिन) बाळाला कमी पडणारं थायरॉईड हार्मोन बाहेरून देते. जन्मजात थायरॉईड ग्रंथी नसेल किंवा अर्धवट असेल, तर मीठ ती निर्माण करू शकत नाही. पहिली तीन वर्षं मेंदूच्या वाढीची. तेव्हा हार्मोन कमी पडलं तर झालेलं नुकसान पुढे भरून निघत नाही. म्हणूनच उपचार जन्मानंतर दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. गोळी कायमची लागेल की नाही, हे तिसऱ्या वर्षानंतर डॉक्टर ती काही आठवडे थांबवून, रक्त तपासून ठरवतात.

सुरुवातीचा डोस साधारण वजनाच्या दर किलोला १० ते १५ मायक्रोग्रॅम, रोज एकदा. गोळी चमच्यात कुस्करून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवा आणि लगेच पाजा. भरलेल्या बाटलीत टाकू नका: दूध उरलं की डोसही उरला. लोह-कॅल्शियमची औषधं चार तासांच्या अंतराने द्या.

‘बाळ तर गुटगुटीत दिसतं’ यावर विसंबू नका. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठता, घोगरं रडणं ही लक्षणं बहुतेकदा उशिरा दिसतात. नवजात बाळाच्या टाचेच्या रक्ताची तपासणी त्यासाठीच असते.