पडून असलेला निधी अन् मावसाजींचा फॉरवर्ड

'राज्याचं बजेट एका दिवसात बॅलन्स' हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. आमच्या फॅमिली ग्रुपवर काल रात्री मावसाजींनी टाकला. उपाय चार: आपत्तीचा अन् आकस्मिकता निधी नुसता पडून आहे तो वापरा, वीसपेक्षा कमी पोरांच्या शाळा बंद करा, कर्ज घेणं थांबवा, तरी कमी पडलं तर नोटा छापा.

नोटा राज्य सरकार छापतच नाही, तो विषय संपला.

पण 'पडून आहे' वाचून डोकं फिरलं माझं. आकस्मिकता निधीची कायमची रक्कम १५० कोटी. २०२५-२६ च्या बजेटमध्ये महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चाला कमी पडणारा पैसा, दाखवली ४५,८९१ कोटी. म्हणजे शंभर रुपयांच्या खड्ड्यात तेहतीस पैसे टाकायचे अन् म्हणायचं बॅलन्स झालं! बरं, तेही आपले नाहीत, ती उचल असते, अधिवेशन नसताना अचानक खर्च निघाला की त्यातून घ्यायचे आणि विधिमंडळाची मंजुरी मिळाली की तेवढेच परत भरायचे. ती मंजुरी पुरवणी मागण्यांमधून, म्हणजे बजेटनंतर मागितलेल्या जादा खर्चातून येते, त्या डिसेंबरातल्या अधिवेशनातही येतात, इथंच नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये, रस्ते बंद म्हणून मावसाजी रोज चिडचिड करतात ना, तेव्हाच.

राहिला आपत्तीचा निधी. त्यात शंभरातले पंचाहत्तर केंद्राचे, आपत्ती सोडून दुसरीकडे वळवताच येत नाहीत. आणि हे कोण सांगून राहिलं? डागा लेआऊटमध्ये राहणारे मावसाजी! २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली, फ्रिज तरंगत होता, मावशीला आम्ही वरच्या मजल्यावरून उतरवलं. नंतर घरटी दहा हजारांची मदत जाहीर झाली तेव्हा "एवढ्यात काय होते" म्हणून ओरडणारे हेच. तेव्हा पैसा कमी होता, आता पडून आहे?

शाळांचं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा निघाल्या चौदा हजारांवर, पोरं एक लाख पंच्याऐंशी हजारांच्या आसपास. शाळेचा मोठा खर्च म्हणजे मास्तरांचा पगार, अन् शाळा बंद केली तरी मास्तर घरी जात नाही, त्याचं समायोजन होऊन तो दुसऱ्या शाळेत जातो, पगार तोच. वाचलं काय, खडू अन् लाइटबिल. वरून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हवी असा नियम, म्हणजे लांब नेलं तर गाडीचा खर्च आला. मेळघाटात पावसाळ्यात ती गाडी नाला कशी ओलांडेल ते मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं. पाच पोरांच्या शाळेत खेळायलाही कोणी नसतं, हे मात्र खरंय.

कर्जाचं बोलणं अर्धं बरोबर आहे, नाइलाजानं मानतो. महसुली तूट म्हणजे रोजचं भागवायला उधारी, अन् व्याज आधी द्यावंच लागतं, त्यावर सभागृहात मतदानसुद्धा होत नाही. पण मग त्याच बजेटमधले लाडक्या बहिणीचे ३६,००० कोटी मेसेजमध्ये कसे दिसले नाहीत? ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण एवढा आकडा सोडून नजर खेड्यातल्या शाळेवरच कशी जाते?

मेसेजच्या शेवटी लिहिलं होतं, दहा ग्रुपवर पाठवा. मावसाजींनी अकरा ग्रुपवर टाकलाय.