आधी आकाश वाचायला शिकावे

वादळे जवळून पाहण्यासाठी त्यांचा गाडीने पाठलाग सुरू करू पाहणाऱ्यांनी प्रथम चांगला कॅमेरा आणि दणकट गाडी घ्यावी, असे एका लेखात म्हटले आहे. मला हा क्रम उलटा वाटतो. मोबाइलवर दिसणारे रडारचे चित्र बहुधा काही मिनिटे जुने असते आणि ताशी 60 किलोमीटर वेगाने सरकणारे वादळ पाच मिनिटांत पाच किलोमीटर पुढे आलेले असते, हे ज्याच्या अंगवळणी पडलेले नाही त्याने एकट्याने बाहेर पडू नये. 31 मे 2013 रोजी अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील एल रेनोजवळ सुमारे 4.2 किलोमीटर रुंदीच्या टॉर्नेडोने (ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या चक्राकार वादळाने) अचानक दिशा आणि वेग बदलला, आणि टिम समारस यांच्यासारखे अत्यंत अनुभवी, सावध संशोधक मुलासह व सहकाऱ्यासह त्यात मृत्युमुखी पडले. अमेरिकेत राष्ट्रीय हवामान सेवेचे स्कायवॉर्न हे वादळ-निरीक्षकांसाठीचे प्रशिक्षण विनामूल्य मिळते; ते आधी घ्यावे. ढगाच्या तळाशी भिंतीसारखा उतरलेला भाग खरोखर गोल फिरतो आहे, की वाऱ्याने ढगाच्या नुसत्या चिंध्या उडत आहेत, हे ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि त्याला एखादा हंगाम तरी जाणत्या माणसाची सोबत हवी. शिवाय थांबताना गाडीचे तोंड नेहमी परतीच्या रस्त्याकडे असावे.